घरात मोठं आजारपण असताना तुम्ही काय वाचलंत? मन कशाने थाऱ्यावर राहिलं?

दुपारसावली

नमस्कार. इथली जुनी वाचक आहे, लिहिते क्वचित. नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर निघालाय. निदान आणि पाठोपाठ केमो, सगळं इतकं झपाट्याने झालं की विचार करायला उसंत नव्हती. आता उसंतच उसंत आहे. तो ग्लानीत पडलेला असतो, सलाइन चालू असतं आणि मी शेजारच्या खुर्चीत. फोनचा वीट आलाय. या आजाराबद्दल नेटवर आता एक ओळही वाचायची नाही असं ठरवलंय, कारण काहीही शोधलं तरी किती टक्के लोक किती वर्षं जगतात तेच समोर येतं.

एरवी मी कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी. आता एक पान धड वाचून होत नाही. तळाशी पोचेपर्यंत वरचं पुसलेलं असतं. सासूबाईंनी पोथी दिली आहे. मैत्रिणीने सकारात्मक विचार वगैरे छापाची पुस्तकं आणून दिली. त्यातल्या एकात आजार ही कशी संधी असते ते सांगितलं होतं, मिटून ठेवलं. मी धड भाविक नाही आणि धड नास्तिकही नाही. संकट आलं म्हणून लगेच हात जोडायचे तर आपलीच आपल्याला लाज वाटते.

तुम्ही अशा काळात काय वाचलंत? खरंच आधार मिळाला का? धार्मिकच हवं असा आग्रह नाही, पण आतून धरून ठेवेल असं काहीतरी हवंय. माहिती नको. उपदेश तर नकोच नको.

भिंगरी

काळजी घ्या. त्यांना लवकर उतार पडो. वाचनाबद्दल जाणकार लिहितीलच, मी फक्त हजेरी लावतेय.

अनवाणी

माझा अनुभव सांगतो. वडिलांचं मोठं आजारपण काढलं तेव्हा नवीन काही वाचणं जमलंच नाही. जमलं ते आधीपासून पाठ असलेलं. आमच्याकडे हरिपाठ लहानपणापासून कानावर पडलेला, त्यामुळे पुस्तक हातात असलं तरी डोळे नुसते ओळींवरून फिरायचे, म्हणायची ती जीभ. डोक्याला काम नाही. वाचलेलं विसरायला होतं असं तुम्ही लिहिलंय ना, तर जे विसरताच येत नाही ते वाचून बघा. शाळेतली कविता चालेल, आजीने म्हणून घेतलेले मनाचे श्लोक चालतील. ते २०५ आहेत, सगळे म्हणायची कुणी सक्ती केलेली नाही.

लाज वाटण्याबद्दल. मलाही वाटायची. एरवी मी देवळात चपला सांभाळत बाहेर उभा राहणारा माणूस. पण हळूहळू लक्षात आलं की मी काही मागत नव्हतो. वडिलांच्या आवाजात ऐकलेलं मी माझ्या आवाजात म्हणत होतो, एवढंच चाललं होतं. त्याला भक्ती म्हणायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि न ठरवताही चाललंय.

खवट

सहानुभूती आहेच. तरी एक खडा टाकतो, धागाकर्तीने राग मानू नये.

पोथी हातात आली की तिच्या पाठोपाठ सौदा येतो. इतकी पारायणं केली की रिपोर्ट सुधारेल. सुधारला तर पोथीचं श्रेय, नाही सुधारला तर वाचणाऱ्याची श्रद्धा कमी पडली. २००६ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. बायपास झालेले १८०२ रुग्ण होते. काहींसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवल्या, काहींसाठी नाही. प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्यांच्यात ती ५९ टक्के निघाली. प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना सांगितलं नव्हतं, पण होत होती, त्यांच्यात ५२ टक्के. एक शक्यता अशी मांडली गेली की माणसं घाबरली असतील, आपली तब्येत इतकी बिघडलीय की प्रार्थना करायची वेळ आली!

तेव्हा वाचा, पण रुग्णाला 'तुझ्यासाठी वाचतेय' असं सांगू नका.

शब्दखूळ

खवट, अभ्यास बरोबर आहे, जागा चुकली. बाई विचारताहेत की त्यांना स्वतःला कशाने बरं वाटेल. नवऱ्याच्या पेशी कशाने वाढतील असं विचारलेलं नाही. अनोळखी माणसाने लांबून केलेली प्रार्थना आणि खुर्चीत बसलेल्या बायकोने केलेलं वाचन यात काही फरक असावा ना?

खवट

आहे. मान्य. पण सौद्याची भीती खरी आहे, घरात पाहिलीय. म्हणून आधीच सावध केलं. हलके घ्या.

पांढराकोट

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या विभागात, काम करते. हे म्हणजे फक्त शेवटच्या दिवसांचं काम असा लोकांचा समज आहे. तसं नाही, उपचार पूर्ण जोमात चालू असतानाही आम्हाला बोलावतात.

आमच्या क्षेत्रात सिसिली सॉन्डर्स हे आद्य नाव. त्या आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था. दुखणं फक्त शरीराचं नसतं, ते मनाचं असतं, घरादाराचं आणि पैशाअडक्याचं असतं आणि 'हे माझ्याच वाट्याला का' असं विचारणारंही असतं, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला ठासून सांगितलं. त्या शेवटच्या दुखण्यावर माझ्याकडे गोळी नाही. तुमचा प्रश्न तिथला आहे, आणि तो अगदी रास्त आहे.

आता कामाच्या गोष्टी. केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना घरातली जुनी, कपाटात वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली पोथी खोलीत नेऊ नका. जुन्या कागदावर धूळ आणि बुरशी असते, ती अशा रुग्णाच्या फुफ्फुसाला महागात पडू शकते. नवी प्रत घ्या किंवा फोनवर वाचा. खोलीत काय चालतं ते वॉर्डच्या सिस्टरना विचारा.

लक्ष टिकत नाही हे तुमचं एकटीचं नाही. झोपेचं खोबरं आणि सततची धास्ती असली की एकाग्रता आधी जाते. पेशंटची तर औषधांनीही जाते. म्हणून दोघांसाठीही तुकड्यातुकड्यांचं वाचन बरं. ओवी, अभंग, श्लोक, वचन, असं दोन मिनिटांत संपणारं काहीही.

मोठ्याने वाचायचं असेल तर आधी त्याला विचारा. आम्ही हे विसरतो. एका काकूंच्या उशाशी नातलग आळीपाळीने स्तोत्रं म्हणत होते. मी एकटी असताना काकू म्हणाल्या, "यांना सांग गं जरा गप्प बसायला, मला त्या रहस्यकथेत पुढे काय झालं ते ऐकायचंय." मग रात्रपाळीच्या सिस्टरने खून कुणी केला ते वाचून दाखवलं.

आणि पेशंट प्रतिसाद देत नसला तरी ऐकू येत असेल असंच धरून बोला. २०२० साली कॅनडात हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख काढले होते. अखेरच्या काही तासांत, प्रतिसाद थांबल्यावरही, काहींचा मेंदू आवाजातले बदल टिपत होता. अर्थ लागत होता का, हे त्यातून सांगता येत नाही.

मधलीसुट्टी

डॉक्टर, रहस्यकथेच्या काकूंना दंडवत!

आमचा किस्सा. मामा आयसीयूतून नुकतेच बाहेर आलेले, डोळे मिटून पडलेले. मावशीने गीतेचा पंधरावा अध्याय सुरू केला. तिला आपला तोच पाठ होता. मामांनी एक डोळा उघडला, म्हणाले, "इतकी घाई का करताय?" मावशीचं वाचन तिथेच संपलं. मामा त्यानंतर चांगले ठणठणीत झाले आणि हा किस्सा प्रत्येक लग्नात सांगत राहिले.

नक्षत्रवेल

हसले, पण मधलीसुट्टीने मुद्दा महत्त्वाचा काढलाय. दुसऱ्या अध्यायाचंही तेच. आत्मा मरत नाही हे तत्त्वज्ञान म्हणून थोर असेल. पण जो माणूस समोर श्वास घेतोय, ज्याच्यासाठी आपण रक्ताच्या पिशव्या जमवतोय, त्याच्या उशाशी ते वाचवत नाही. माझ्या बहिणीच्या वेळी एकजण भेटायला आले आणि दारातच म्हणाले, शरीर नश्वर आहे. अहो, आम्हाला ते नश्वर शरीरच हवं होतं!

गीता वाचायचीच असेल तर विनोबांची प्रवचनं घ्या. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक, अशी अठरा झाली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ऐकणारे कैदी होते. त्यामुळे भाषा साधी आहे आणि मधेमधे रोजच्या कामाचे दाखले आहेत. ज्यांना उठून कुठे जाता येत नाही अशा माणसांसमोर बोललेलं आहे, आणि आपणही वॉर्डात तसेच अडकलेले असतो. मी एकेक परिच्छेद वाचायची. कधी तोच परिच्छेद दुसऱ्या दिवशी पुन्हा.

शब्दखूळ

+१ विनोबांना. माझ्याकडून तुकोबांची भर. कारण वेगळं आहे. तिथे शांती आहे म्हणून वाचा असं मी म्हणणार नाही. तिथे भांडण आहे म्हणून वाचा. या माणसाने दुष्काळात पहिली बायको गमावली, मुलगा गमावला, धंदा बुडाला. आणि मग तो देवाशी जे बोलतो त्यात आर्जव आहे, टोमणे आहेत, हिशेब मागणं आहे, तुझा उपयोग तरी काय इथपर्यंत मजल आहे. नवरा आजारी असताना मला देवाचा संताप यायचा, आणि तो उघड बोलायची सोय कुठेच नव्हती. सासर माहेर दोन्हीकडे 'असं बोलू नये'. गाथेत मात्र तो चारशे वर्षांपूर्वीच बोलून ठेवलेला.

गाथा सुरुवातीपासून वाचायला घेऊ नका. साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत, दम निघेल. मधेच उघडा. हाताला लागेल तो अभंग घ्या, नाही पटला तर पान उलटा.

रविवारकर

शब्दखूळ, भांडणावरून आठवलं. बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे. चांगल्या माणसावर एकामागून एक संकटं कोसळतात, वर अंगभर फोड येतात. तिघे मित्र भेटायला येतात. पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. तोवर ठीक असतं. मग ते तोंड उघडतात आणि तुझंच काहीतरी चुकलं असेल हे समजावायला लागतात. पुढची अनेक प्रकरणं तोच वाद. आणि शेवटी देव त्या मित्रांनाच फटकारतो.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला यातली पहिली दोन प्रकरणं वाचायला देऊन तिथेच थांबवावं असं माझं मत आहे.

भिंगरी

रविवारकर, हे प्रिंट काढून दाराला लावायला हवं. "काय खाल्लं होतं त्यांनी?" असं विचारणाऱ्यांसाठी तर मोठ्या अक्षरात.

खवट

"आमच्या ओळखीत एकाला हेच झालं होतं," असं म्हणून मग एकदम गप्प होणारे राहिले.

कोराकागद

धागा वाचत होते, लिहू की नको चाललं होतं. आईच्या आजारपणात मी गुरुचरित्राचा सप्ताह धरला होता. मधेच तिला आयसीयूत हलवलं, पुढचे दिवस धावपळीत गेले, वाचन राहिलं ते राहिलंच. आई गेली. त्यानंतर एका नातेवाईक बाईंनी सहज म्हणून विचारलं, "पारायण पुरं झालं नव्हतं ना गं?"

बाई वाईट नव्हत्या. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलेलं, आजार कुठल्या टप्प्यावर होता तेही कळत होतं, तरी रात्री अपरात्री तेच यायचं. पोथी आजही कपाटात आहे, हात लावत नाही. खवट यांनी सौदा म्हटलं तेव्हा पहिल्यांदा राग आला, मग वाटलं, हेच तर ते.

आजोबा_ऑनलाइन

कोराकागद, बाळा, माझं वय ७८. तरुणपणापासून पोथी वाचतो, नेमाने. म्हणून हक्काने सांगतो. देव हजेरीपट ठेवत नाही. तू पोथी मिटून उठलीस ती कशासाठी उठलीस? आईसाठीच ना? वाचायला बसलीस तीही आईसाठीच. मग खंड पडला कुठे?

नियम असतात ते चांगल्या दिवसांत मनाला वळण लागावं म्हणून. घराला आग लागली असताना आसन मोडलं म्हणून कुणी दोष देत नाही. त्या बाईंचं वाक्य त्यांच्याकडेच परत पाठव, मनातल्या मनात.

पोथी वाचायचीच असं नाही. पण कपाटात घाबरून ठेवू नकोस. एकदा बाहेर काढून नुसती पूस आणि पुन्हा ठेव. एवढंच कर.

खवट

आजोबांशी सहमत व्हायची माझ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वेळ आली आहे. कोराकागद, अक्षरन् अक्षर पटलं म्हणून समजा.

आजोबा_ऑनलाइन

खवटराव, तब्येत बरी आहे ना?

पांढराकोट

कोराकागद, डॉक्टर म्हणून एक वाक्य. असं अपराधीपण मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतं. पारायण नसेल तर 'आधी तपासणी केली असती तर' असतं, तेही नसेल तर 'त्या रात्री मी घरी गेलो नसतो तर' असतं. खूप दिवस झोप उडवत असेल तर समुपदेशकाशी बोला, त्यात कमीपणा नाही.

वाळूघड्याळ

मी थोडा विरोधी सूर लावतो. तुम्ही सगळे वाचलंच पाहिजे असं गृहीत धरून चाललाय. बायकोच्या आजारपणात मी काहीही वाचलं नाही. वाचनवेडा असूनही. शब्दांचाच तिटकारा आला होता. मी खिडकीतून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघायचो. सळया वाकवणारा एक माणूस होता, तो सळई खाचेत घालायचा, अंग टाकून वाकवायचा, बाजूला ठेवायचा, पुढची घ्यायचा. दुपारभर. मला त्यानेच तारलं. याला अध्यात्म म्हणा नाहीतर रिकामटेकडेपणा.

बायको आता बरी आहे. धाग्यावर कुणीतरी हेही लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

दुपारसावली

वाळूघड्याळ, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. धन्यवाद.

सगळे प्रतिसाद वाचतेय, उत्तर द्यायला उशीर होतोय, समजून घ्या. पोथी खोलीतून हलवली, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, सासूबाईंनाही नीट सांगितलं. त्या म्हणाल्या मग मी घरी वाचते, तू तिथे काय हवं ते वाच. मला वाटलं होतं त्या दुखावतील.

मनाचे श्लोक आठवून बघितले. दहाबारा सलग आले आणि मग गाडी रुळावरून उतरली. तरी बरं वाटलं. पण एक विचारते. वाचताना दहा मिनिटं मी त्याला पूर्ण विसरले होते. शुद्धीवर आल्यासारखं झालं तेव्हा स्वतःचाच राग आला. असं कुणाला होतं का?

अनवाणी

होतं. तीच दहा मिनिटं हवी असतात. तुम्ही विसरलात तरी सलाइन थांबत नाही, सिस्टर असतात, मशीन वाजतं. तुम्ही एकट्याने त्याचा श्वास चालवत नाही आहात.

नक्षत्रवेल

अनवाणी +१. आणि राग आला म्हणजे तुम्ही परत आलात, आता अजून दहा मिनिटं जा.

उंबरपाणी

उशिरा आलो. मी मार्कस ऑरेलियसचं नाव सुचवतो. रोमन सम्राट, स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणवह्या. याची बरीचशी मुलं त्याच्या हयातीत गेली, राज्यात साथ पसरलेली, आणि हा मोहिमेवर तंबूत बसून स्वतःला समजावतोय. कुणाला शिकवायला लिहिलेलं नाही, त्यामुळे उपदेश अंगावर येत नाही. तीच तीच गोष्ट तो पुन्हा सांगतो, कारण त्यालाही ती जमत नाहीये. मला त्या पुनरुक्तीनेच धीर आला.

देव मानायची अट नाही. खवट यांनाही चालेल.

खवट

खवट यांच्या उशाशी आहे, गेली कित्येक वर्षं. पण खरं सांगू? ताप आला की पसायदान आठवतं. आईने पाठ करून घेतलेलं. नऊ ओव्या. ज्ञानेश्वरीसारखा नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पुरा झाल्यावर माणूस मागणं मागतो आणि त्यात स्वतःसाठी काही नाही. सौदा नाही. म्हणून मला चालतं.

मधलीसुट्टी

धाग्याचं सार्थक झालं. खवट भावुक. स्क्रीनशॉट काढला.

शब्दखूळ

ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांनी थेट सार्थ प्रत घ्या, म्हणजे ओवी आणि खाली अर्थ. १२९० सालची मराठी आहे, आजारपणात शब्द अडला की चिडचिड होते. बारावा अध्याय छोटा आहे, तिथून सुरू केलं तर मधेच सुटत नाही.

आजोबा_ऑनलाइन

अवांतर, पण दासबोध कसा कुणी सुचवला नाही? तिसऱ्या दशकाचा सहावा समास काढा. समर्थांनी शरीराच्या दुखण्यांची यादीच दिली आहे. खरूज, नारू, गोवर, देवी, नावं संपतच नाहीत. मी प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर वाचला होता आणि मोठ्याने हसलो होतो, टाके दुखेपर्यंत. समाधान कशाने झालं सांगू? आपल्या दुखण्याला यादीत जागा आहे एवढ्यानेच. आपण जगावेगळे नाही.

भिंगरी

आजोबा, आध्यात्मिक आधारासाठी आजारांची यादी! तुम्हीच हे सुचवू जाणे.

नक्षत्रवेल

मला हे पटत नाहीये हं. भेदरलेल्या माणसाला आजारांची यादी? पांढराकोट, तुमचं मत?

पांढराकोट

माणसावर अवलंबून. ज्याला विनोद चालतो त्याला चालेल. विचारून वाचा, हे माझं पालुपद आहेच.

दुपारसावली

विचारलं. काल त्याला जरा हुशारी होती. म्हटलं, एका आजोबांनी आजारांची यादी सुचवलीय, वाचू का? म्हणाला वाच. फोनवर काढून वाचायला लागले. प्रत्येक नावाला तो बोट उचलून म्हणत होता, "हा नाही झाला. हाही नाही." निम्मी नावं मलाच कळत नव्हती, तरी त्याचं चालूच. सिस्टर आत येऊन बघून गेल्या की काय गोंधळ आहे. मग थकून झोपला. तो झोपल्यावर मी शब्दखूळ यांनी सांगितलं तशी गाथा मधेच उघडली. जो अभंग लागला त्यात तुकोबा देवाला चांगलंच फैलावर घेत होते. मनातलं कुणीतरी बोलल्यासारखं झालं. त्याच्यासाठी यादी आणि माझ्यासाठी भांडण, सध्या असं चाललंय.

पुढचा समास कशाबद्दल आहे, आजोबा? त्याने विचारलंय.

आजोबा_ऑनलाइन

वा! सातव्यात बाहेरून होणारे त्रास. काटे, ठेचा, मुंग्या, डास, विंचू, चोर. बिनधास्त वाच, त्याला मजा येईल. आठवा मात्र गाळ. त्यात यमयातना आहेत.

खवट

आठवा माझ्याकडे पाठवा. मला आत्तापासून सराव केलेला बरा.